मालिकेतली सून, घरातली सून आणि गोठ्यातल्या दोन म्हशी: खान्देशातल्या एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण अमळनेर भागातल्या एका शेतकरी कुटुंबाचं आहे. मी कुटुंब सल्ला केंद्रात समुपदेशक म्हणून काम करते. २०२२च्या फेब्रुवारीत हे कुटुंब केंद्रात आलं आणि पुढे दीडेक वर्ष संपर्कात राहिलं. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि काही तपशील बदलले आहेत. हे लिहायला सासू आणि सून, दोघींची संमती आहे. सासूबाईंची अट एकच होती: ‘मी बी वाईट दिसाले नको आनि ती बी नको.’ ती अट पाळणं अवघड गेलं नाही, कारण या प्रकरणात वाईट माणूस कुणीच नव्हतं.

पार्श्वभूमी

घर पाच माणसांचं. सासरे (घरात सगळे त्यांना आबा म्हणतात), सासूबाई, मोठा मुलगा, सून आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी. धाकटा मुलगा शिकायला पुण्यात. शेती बेताची, पावसाळ्यात कपाशी, हिवाळ्यात दादर (ज्वारी) आणि हरभरा. दारात दोन म्हशी. मुलाचं गावातच खतं-बियाण्यांचं दुकान. नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, कधी पहाटे तर कधी रात्री अकराला, आणि आलं की घरातल्या बाईने हातातलं काम टाकून टाकी, हंडे, पिंपं भरायची.

सून बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर आहे. साडेचार वर्षांचं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप संपली आणि लगेच लग्न झालं. वर्षभरात मुलगी झाली, त्यामागोमाग कोविड आला. पदवीचं प्रमाणपत्र लोखंडी कपाटात राहिलं. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदासाठी अर्ज करायचं ठरलं तेव्हा तिने धुळ्याला माहेरी राहून सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. २०२१च्या ऑगस्टमध्ये ती तापीपलीकडे, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका आरोग्य उपकेंद्रावर रुजू झाली. पद कंत्राटी, महिन्याला २५ हजार मानधन आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत मोबदला. आदिवासी भागात एका उपकेंद्राकडे ३ हजार लोकसंख्या धरतात, सपाटीवर ५ हजार. आकडा लहान दिसतो, पण पावरा आदिवासींच्या वस्त्या विखुरलेल्या असतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची, गरोदर बायांकडे लक्ष ठेवायचं, अवघड रुग्ण असला तर ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलायचं. काम तिला आवडलं, आणि जमतही होतं. पुढे काय काय झालं ते वाचताना हे विसरू नये.

मालिकेचा वाटा

सुनेने नोकरी करावी का, यावर या घरात आधी कधी उघड बोलणंच झालं नव्हतं. ते सुरू झालं टीव्हीसमोर. स्टार प्रवाहवर २०२० ते २०२२ या काळात ‘फुलाला सुगंध मातीचा’ ही मालिका चालू होती. ‘दिया और बाती हम’ या २०११ ते २०१६ दरम्यानच्या हिंदी मालिकेवर बेतलेली. आयपीएस व्हायचं स्वप्न पाहणारी कीर्ती मिठाईचं दुकान चालवणाऱ्या, तिच्यापेक्षा कमी शिकलेल्या शुभमच्या घरात सून म्हणून येते. सासू जिजी अक्कांना शिकलेली सून नको असते. नवरा बायकोच्या पाठीशी उभा राहतो. दुकानदार नवरा, घरावर हुकमत असलेली सासू, शिकलेली सून: या घराला ही गोष्ट आपलीच वाटली तर नवल नाही.

सासूबाईंची शाळा सातवीत सुटली होती. कीर्तीच्या शिक्षणाआड येणाऱ्या जिजी अक्कांचा त्यांना मनापासून राग यायचा. एका रात्री जेवताना त्याच म्हणाल्या, की पोरगी डॉक्टर आहे, तिला आपण गोठ्यात जुंपली. आबा काही बोलले नाहीत आणि नकारही दिला नाही. त्या आठवड्यात सुनेने अर्ज भरला.

मालिकांना सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. नवऱ्याने दोनदा विषय काढून, माहेरच्यांनी सांगून जे झालं नाही, ते रोजच्या अर्ध्या तासाच्या गोष्टीने केलं. बाहेरच्या माणसाने उपदेश केला असता तर सासूबाई उठून गेल्या असत्या. मालिकेत त्या स्वतःच न्यायनिवाडा करत होत्या, म्हणून निकालही त्यांचा स्वतःचा होता.

त्याच वाहिनीवर डिसेंबर २०१९पासून ‘आई कुठे काय करते’ चालू होती आणि सासूबाईंचा खरा जीव त्या मालिकेत होता. पंचवीस वर्षं घरासाठी राबलेली अरुंधती, तिच्या कष्टांची किंमत नसलेलं घर, आणि नवऱ्याच्या ऑफिसमधली संजना. आपल्या कामाला कुणी काम म्हणत नाही, ही त्यांची स्वतःची सल अरुंधतीमुळे त्यांना बोलून दाखवता आली. पण त्या मालिकेच्या सुरुवातीच्या काळात नोकरीत हुशार, नीटनेटकी, बोलायला धीट अशी जी बाई दिसते, तीच दुसरीचं घर मोडणारी आहे. म्हणजे एकाच संध्याकाळी घरात नोकरीवाल्या बाईच्या दोन प्रतिमा यायच्या: एक घर मोडणारी, दुसरी सगळं घर सांभाळून वर अधिकारी होऊ पाहणारी. दमून आलेली, एसटी चुकलेली, भाजी चिरायला बसल्या जागी डोळा लागलेली अशी तिसरी कुणी कथेच्या केंद्रात नव्हती. आणि या घरातली सून नेमकी ती तिसरी होती.

सुनेचंही असंच. कॉलेजात असताना तिने ‘होणार सून मी ह्या घरची’ पाहिली होती. बँकेत नोकरी करणारी, सहा सासवांना जिंकून घेणारी जान्हवी तिला पाठ होती. पुरेसं सोसलं, गोड बोललं की घर आपलं होतं, हा हिशोब तिच्या मनात तेव्हापासूनचा. सासू-सून दोघी मालिकेच्याच मापाने एकमेकींना मोजत होत्या, आणि ते माप दोघींच्याही अंगाचं नव्हतं.

अडचण

पहिले तीन महिने बरे गेले. सून पहाटे उठून भाकरी-भाजी करून निघायची, अमळनेरहून चोपड्याची एसटी धरायची, पुढे आशाताईंच्या किंवा आरोग्यसेविकेच्या गाडीवर उपकेंद्र गाठायची. परतायला संध्याकाळचे साडेसहा. मुलगी दिवसभर आजीकडे, कारण कोविडमुळे अंगणवाडी भरत नव्हती.

मग एसटीचा संप सुरू झाला. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीला सुरू झालेला तो संप २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. खान्देशातल्या आडबाजूच्या गावांतून नोकरीला जाणाऱ्या बायकांचं त्या काळात काय झालं, यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय निघायची नाही. सून सकाळी तास-दीड तास आधी निघू लागली आणि आठ वाजता घरी येऊ लागली. आधी तिच्या वाट्याला असलेली सकाळची भांडी, मुलीची अंघोळ, संध्याकाळची धार, पाण्याचा दिवस हे सगळं गाजावाजा न होता सासूबाईंकडे गेलं. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही.

सासूबाईंचे गुडघे आधीच दुखत होते. डॉक्टरांनी झीज झाल्याचं सांगून खाली बसणं टाळायला सांगितलं होतं. धार काढायला खाली बसावंच लागतं. ‘मला झेपत नाही’ असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, कारण सुनेला नोकरीला पाठवा असं त्याच म्हणाल्या होत्या. त्याऐवजी त्या टीव्हीकडे बोट दाखवू लागल्या. ‘टीव्हीमझारली सून समदं करस, मंग आपलीले का बरं नही जमस?’ हे वाक्य त्या आबांना उद्देशून म्हणायच्या, सून ऐकेल अशा बेताने.

सुनेने त्याला टोमणा म्हणून ऐकलं. तिच्या लेखी सासूची जिजी अक्का झाली होती. मग तिनेही भूमिका ठरवून टाकली: सोसायचं, बोलायचं नाही, कधीतरी कळेल. दोघींनी गप्प राहायचं ठरवलं आणि घर मात्र दिवसेंदिवस तापत गेलं.

३ जानेवारी २०२२पासून १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं आणि त्याच दिवसांत तिसरी लाट आली. उपकेंद्रावरचं काम दुप्पट झालं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मुलीला ताप भरला. सासूबाईंनी दुपारी फोन केला. लसीकरणाचं सत्र अर्ध्यावर सोडणं शक्य नव्हतं. सुनेने औषधाचं प्रमाण फोनवर सांगितलं आणि ती रात्री आली. तेव्हा ताप उतरला होता. त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, ‘दुनियेच्या लेकरांना सुया देते, आपल्या लेकराला कोण?’ सून म्हणाली, ‘तुम्ही घरीच तर असता.’ दोन्ही वाक्यं त्या दोघी आजही विसरलेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सून मुलीला घेऊन माहेरी गेली. तीन आठवड्यांनी तिचा भाऊ केंद्रात आला. त्याला ‘काय तो निकाल’ लावून हवा होता.

समोर असलेले पर्याय

पहिल्या बैठकांमध्ये प्रत्येकाने आपापला पर्याय मांडला. कुणाचा पर्याय कुणाच्या अंगावर पडतो, हे बघत गेलं की घर समजतं.

आबांचं म्हणणं, नोकरी सोडावी आणि गावातच दवाखाना टाकावा. ऐकायला चांगलं होतं. पण दवाखान्याला भांडवल लागतं, गावात आधीच एक डॉक्टर बसतात, आणि घराला लागून दवाखाना म्हणजे रुग्ण नसताना स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरात असताना रुग्ण. सुनेने हे एका वाक्यात नाकारलं. बोलताना ती पहिल्यांदा रडली ती इथे. पहिल्या पगारात आशाताईंना चहा पाजला तेव्हा आपण डॉक्टर आहोत असं पहिल्यांदा वाटलं, असं ती म्हणाली.

भावाचं म्हणणं, तिने मुलीला घेऊन उपकेंद्राच्या गावीच राहावं. या पदावरच्या माणसाने मुख्यालयी राहावं अशीच अपेक्षा असते, म्हणून हा पर्याय नियमाला धरून होता. एसटीचा प्रश्नही सुटत होता. पण राहायला धड खोली नव्हती, मुलीला दिवसभर बघणारं कुणी नव्हतं, आणि नवऱ्याचं दुकान इकडे. माहेरून आई आली असती तर एका सासूचं ओझं एका आईवर गेलं असतं, इतकंच.

नवऱ्याला चोपड्यात भाड्याने घर घेऊन वेगळं राहायचं होतं. हे तो मला एकटीला म्हणाला, घरात म्हणायची त्याची हिंमत नव्हती. वेगळं राहणं ही खान्देशातल्या गावात साधी गोष्ट नाही. भाऊबंदकीत त्याचा अर्थ ‘सुनेनं पोरगा तोडला’ एवढाच लागतो. शिवाय दुकान रोज बंद-उघड करायला तो कुठून येणार होता?

बदलीचा पर्याय कागदावर होता. कंत्राटी पदावर जवळची जागा रिकामी होईपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि घराला तितकी उसंत नव्हती.

सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, ‘तिनी नोकरी करो. मंग मन्हं काम कोन करी?’ बाकी सगळे सुनेच्या वेळेबद्दल बोलत होते. स्वतःच्या कामाला काम म्हणून ते कोण करणार असं विचारणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या. पुढचं सगळं या प्रश्नावरून ठरलं.

काय केलं

सून तेव्हा माहेरूनच उपकेंद्रावर जात होती. तिला परत आणण्याची घाई करायची नाही, हा पहिला निर्णय. परत येणं म्हणजे कुणीतरी हरणं, असं दोन्ही घरांत झालं होतं.

दुसरं काम यादीचं. घरातल्या प्रत्येकाने एका आठवड्यात आपण काय काय केलं ते लिहायचं. सासूबाई सांगायच्या आणि नात्यातली एक कॉलेजातली मुलगी लिहून घ्यायची. नवऱ्याची यादी अर्ध्या पानात संपली आणि तिच्यात ‘मदत’ हा शब्द चारदा होता. सुनेची यादी माहेरची असल्याने तिने नोव्हेंबरमधला एक आठवडा आठवून लिहिला. सासूबाईंची यादी सगळ्यात लांब. चार पानं भरली आणि त्यात पाणी येण्याची वाट पाहत जागणं धरलेलं नव्हतं. ते आम्ही नंतर जोडलं. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं, पुरुषांचा ९७ मिनिटं. हा आकडा मी बैठकीत सांगितला, पण त्याचा फारसा परिणाम झाला नाही. आबांनी ती चार पानं हातात घेऊन शेवटपर्यंत वाचली, परिणाम झाला तो त्याने.

तिसरी गोष्ट मालिकेची. टीव्ही बंद करा, असं सांगणं सोपं होतं. पण याच मालिकेने घराला एक चांगला निर्णय घ्यायला लावला होता, आणि दोघी एकमेकींशी तिच्याच भाषेत बोलत होत्या. ती भाषा काढून घेतली असती तर बोलणंच थांबलं असतं. म्हणून उलट केलं. सून रविवारी भेटायला आली तेव्हा दोघींनी मिळून काही भाग बघायचे, आणि गोष्टीकडे लक्ष न देता फक्त एवढं बघायचं की कोण कोणतं काम करतं, आणि जे काम झालेलं दिसतं ते करताना कुणी दिसतं का.

यातून जे निघालं ते आम्हाला कुणालाच इतकं स्पष्ट दिसलेलं नव्हतं. मालिकेतलं स्वयंपाकघर बोलण्यासाठी असतं. कढई गॅसवर असते, पण संवाद सुरू झाला की झारा थांबतो. ताट वाढलेलं येतं. डबा भरलेला येतो. कपडे वाळून घडी होऊन कपाटात असतात. पाण्याचा दिवस नसतो. म्हातारं माणूस आजारी पडतं ते कथेला वळण द्यायला. रोज थोडं थोडं दुखणारं, कुणाला न सांगितलेलं दुखणं नसतं. सासूबाई म्हणाल्या, ‘टीव्हीमझारली सासू रागे भरस, पन तिना गुडघा काई दुखतस नही.’ सून हसली आणि पाठोपाठ गप्प झाली. सासूचे गुडघे किती दुखतात, हे तिने डॉक्टर असूनही कधी हात लावून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

करिअर आणि संसार सांभाळणाऱ्या तरुणीची गोष्ट सांगताना मालिका तो समतोल तिच्या स्वभावात ठेवते: ती सोशिक, ती जिद्दी, ती सगळ्यांचं मन राखणारी. अडथळा दुसऱ्या कुणाच्या स्वभावात ठेवते: सासू हट्टी, जाऊ कपटी. स्वभाव बदलला की अडथळा संपतो, म्हणून मनं जुळल्याचा प्रसंग आला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. या घरात मनं जुळलेलीच होती. अडलं होतं ते सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात दोन माणसांचं काम एका बाईवर आल्यामुळे. त्यावर मायेचा उपाय चालत नाही. काम कमी करावं लागतं, वाटावं लागतं किंवा पैसे देऊन करून घ्यावं लागतं.

मग याच तीन रकान्यांत बोलणं झालं. पैसे देऊन: भांडी आणि धुण्याला गावातली एक बाई लावायची, पैसे सुनेच्या मानधनातून. सासूबाईंनी आधी ठाम नकार दिला, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून. सुनेने ते पैसे सासूबाईंच्या हातात द्यायचे आणि त्यांनी त्या बाईला द्यायचे, असं ठरल्यावर त्या तयार झाल्या. वाटून: मुलीची सकाळ, म्हणजे उठवण्यापासून अंगणवाडीत पोचवण्यापर्यंत सगळं, नवऱ्याकडे, तोवर अंगणवाड्या पुन्हा भरू लागल्या होत्या. पाण्याचा दिवस आबा आणि मुलगा यांच्याकडे. नवऱ्याने पहिल्यांदा डोक्यावर हंडा घेतला तेव्हा पारावर दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी कपाशीच्या भावावर झाली.

कमी करून: इथे घोडं अडलं ते म्हशींवर.

दोन म्हशी म्हणजे दोन वेळची धार, शेण, वैरण, ढेप, पाणी. सासूबाईंच्या यादीचं एक पूर्ण पान गोठ्याचं होतं. दुधाचा पगार आबांच्या हातात यायचा आणि त्यातून बी-बियाण्यांची उधारी फिटायची. कष्ट एकीचे, पैसा दुसऱ्याकडे, आणि सून नोकरीला गेल्यापासून त्यातले तिचेही कष्ट सासूबाईंवर गेले होते. एक म्हैस विकू या असं सासूबाईंनीच सुचवलं तेव्हा आबा बैठकीतून उठले. ‘सुनेच्या नोकरीपायी गोठा मोडला’ असं गाव म्हणेल, हे त्यांना सहन होणार नव्हतं.

या टप्प्यावर दोन रस्ते होते. म्हशीचा विषय सोडून बाकीचं जे ठरलं त्यावर समाधान मानायचं, किंवा हिशोब मांडायचा. सून आणि नवऱ्याने हिशोब मांडला. दुधाचे पैसे, ढेपेचा खर्च, वैरण, गुडघ्याच्या औषधांचा खर्च, आणि सासूबाईंच्या तासांची मजुरी, शेतमजूर बाईला जी रोज देतो त्या दराने. शेवटचा आकडा लिहिताना आबा म्हणाले, घरच्या बाईची मजुरी धरतात का? सासूबाई म्हणाल्या, ‘मी मेली तर धरशाल.’ खोलीत कुणीच काही बोललं नाही. तो आकडा धरल्यावर दुसरी म्हैस तोट्यात होती. आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) एक म्हैस विकली. त्याआधी, एप्रिलमध्ये एसटी पुन्हा सुरू झाली त्या सुमारास, सून परत आली होती.

कानबाईचे दिवस

ठरलेलं टिकतं का, हे श्रावणात कळलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. रोट, जागरण, सोमवारी विसर्जन. भाऊबंदकीतली सगळी घरं एकत्र येतात आणि घरच्या सुना त्या दिवसांत उभ्याच असतात. २०२२मध्ये तो रविवार ७ ऑगस्टला आला. १५ जुलैपासून १८ ते ५९ वयोगटाला कोविड लसीचा बूस्टर मोफत देण्याची ७५ दिवसांची मोहीम सुरू होती आणि त्याच रविवारी उपकेंद्रावर शिबिर लागलं.

सुनेने आठवडाभर आधी घरात सांगितलं. सोमवारची रजा घेतली, रविवारी दुपारपर्यंत शिबिर करून घरी यायचं ठरवलं, आणि दळण-निवडण आधीच्या तीन रात्रींत नवऱ्यासोबत उरकलं. तरी चुलतसासू म्हणायचं ते म्हणाल्याच: कानबाईपेक्षा सरकार मोठं झालं का? सासूबाईंनी सुनेची बाजू घेतली नाही. त्या गप्प राहिल्या, आणि ते गप्प राहणं सुनेला लागलं. मंगळवारी दोघींचं भांडण झालं. फरक एवढाच, की या वेळी ते त्याच दिवशी झालं, समोरासमोर झालं, आणि त्यात कीर्तीचं किंवा जिजी अक्कांचं नाव आलं नाही. सासूबाईंनी सरळ सांगितलं, की मला जावांसमोर बोलता येत नाही, चाळीस वर्षांत जमलं नाही. सुनेने ते मान्य केलं की नाही हे मला माहीत नाही, पण तिने ते ऐकून घेतलं.

निष्पत्ती

२०२३च्या मध्यापर्यंत आम्ही संपर्कात होतो. नोकरी टिकली, करार पुढे चालू राहिला. भांडी-धुण्याची बाई टिकली. सासूबाई दुपारी तासभर आडव्या होतात, गुडघ्याचे व्यायाम सून शिकवते ते बहुतेक दिवस करतात, आणि एका म्हशीची धार आता आबा काढतात. हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. नवरा अजून ‘मी मदत करतो’ असंच म्हणतो, पण मुलीची सकाळ त्याने सोडलेली नाही.

काही गोष्टी सुटल्या नाहीत. दुधाचा पगार अर्धा झाल्याचं आबा दर वेळी बोलून दाखवतात. कामगिरीचा मोबदला कमी-जास्त झाला की पहिली काटछाट त्या कामवाल्या बाईच्या पैशांवर सुचवली जाते. आणि दुसऱ्या बाळाचा विषय निघाला आहे. तो निघाला तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो उरलेली म्हैस ठेवायची की नाही हा.

वेगळं काय करता आलं असतं

नोकरीला होकार मिळाला तो ऑगस्ट २०२१ आधीचा क्षण सगळ्यात मोलाचा होता आणि तो वाया गेला. घर खुशीत होतं, सासूबाई स्वतः पुढाकार घेत होत्या. त्याच वेळी ‘मग हिची कामं कोण करणार’ हे बोलून घेतलं असतं तर ती वाटणी आनंदात झाली असती. सहा महिन्यांनी तीच वाटणी भांडणातून झाली. कीर्तीला मिळावं तसं पाठबळ आपण सुनेला दिलं, या समाधानात कुणाला तो प्रश्न सुचला नाही.

एसटीचा संप सुरू झाला तो दुसरा क्षण. परिस्थिती बाहेरून बदलली होती, दोष कुणाचाच नव्हता, म्हणून बोलायला सोपं होतं. संप किती दिवस चालेल माहीत नसल्याने प्रत्येकाने ‘चार दिवस काढू’ म्हटलं. अशा वेळी तात्पुरती व्यवस्थासुद्धा तारीख घालून ठरवावी: पंधरा दिवस असं करू, मग पुन्हा बसू.

आबा तिसऱ्या बैठकीपर्यंत आले नव्हते. सासू-सुनेचं प्रकरण म्हणून ते बायकांचं समजलं गेलं. पण गोठा, दुधाचा पैसा आणि पाणी या तिन्ही गोष्टींचा निर्णय त्यांच्या हातात होता. जिथे काम आणि पैसा यांची वाटणी बदलायची आहे तिथे घरातल्या कर्त्या पुरुषाला पहिल्या दिवसापासून बसवायला हवं. तो उठून गेला तरी चालेल, पुन्हा येतो.

मालिकेवरची चर्चाही आधी करता आली असती, केंद्रात नाही तर गावातल्या बचत गटात. आमच्याकडे बचत गटाच्या बायका महिन्यातून एकदा जमतातच आणि मालिकेवर बोलायला कुणाला संकोच वाटत नाही. त्यानंतर दोन गटांत हे करून पाहिलं: एक भाग, आणि प्रश्न एकच, या घरात आज पाणी कोणी भरलं? दोन्हीकडे सासवाच आधी बोलल्या.